भोरचा रकाना

गेल्या शनिवारी नेहमीप्रमाणे उशिरा उठलो, चहाचा कप घेऊन गॅलरीत आलो आणि मोबाईल बघितला तर ऑफिसातल्या एका मित्राचं एक्सेल येऊन पडलेलं. फाईलचं नाव 'महाराष्ट्र २०२९'. उघडली. २८८ ओळी. प्रत्येक ओळीत एक विधानसभा मतदारसंघ, पुढे मागच्या तीन-चार निवडणुकांचे आकडे आणि सगळ्यात शेवटी एक रकाना : '२०२९ ला कोण?' तो रकाना छान रंगवलेला. खाली निरोप : "तू भोर मतदारसंघात राहतोस ना? तेवढ्या ओळीवर जरा नजर टाक. बाकी जवळजवळ फायनल आहे."

बाकी जवळजवळ फायनल आहे! आधी हसू आलं. मग जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण अगदी अशीच एक फाईल माझ्याही लॅपटॉपमध्ये आहे. जून २०२४ मधली. ती मी अजून डिलीट केलेली नाही. मुद्दामच ठेवली आहे. का ठेवली आहे, तेच आज लिहायचं आहे.

(आधीच सांगतो, मी कुठल्याही पक्षाचा नाही. कोण जिंकलं ते बरं झालं की वाईट, हा आजचा विषय नाही. त्यासाठी तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच. ह. घ्या.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : भुकूम म्हणजे चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागल्यावर भूगावच्या पुढचं आणि पिरंगुटच्या अलीकडचं गाव. पाषाण-बाणेरच्या लोकांना जी राम नदी नाला म्हणून माहीत आहे, ती इकडेच खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते. तालुका मुळशी, विधानसभा भोर, लोकसभा बारामती. म्हणजे मी नोकरी करतो हिंजवडीत, भाजी आणतो कोथरूडहून, माझा आमदार भोरचा आणि खासदार बारामतीचा. मित्राला ह्या ओळीबद्दल शंका आली ह्यात नवल नाही.

तर जून २०२४. लोकसभेचा निकाल ४ तारखेला लागला. महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० जागा, महायुतीला १७ आणि सांगलीत एक अपक्ष. त्याच आठवड्यातल्या शनिवार-रविवारी मी बसलो. आमच्यासारख्यांना ह्यात मजा येण्याचं कारण असं की महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा आणि प्रत्येकीत बरोबर सहा विधानसभा मतदारसंघ. अठ्ठेचाळीस सक दोनशे अठ्ठ्याऐंशी. कुठेही बाकी उरत नाही. लोकसभेच्या मतमोजणीत विधानसभेनुसार आकडे मिळतात. म्हणजे प्रत्येक विधानसभेत कोण पुढे होतं ते बघायचं, त्या रंगात ती ओळ रंगवायची, शेवटी बेरीज. आघाडी दीडशेच्या आसपास जागांवर पुढे दिसत होती. बहुमताला लागतात १४५. त्यात मी थोडी हुशारी केली. दोन हजारांच्या आतल्या जागा बाजूला काढल्या, 'ट्रेंड' म्हणून एक गुणांक लावला आणि उत्तर काढलं : आघाडी १६५. टीममधल्या नऊ जणांशी मिसळीची पैज लावली.

भोरची ओळ तर मी डोळे झाकून रंगवली होती. लोकसभेला भोर विधानसभेतून सुप्रिया सुळेंना चाळीस हजारांहून जास्त मतांची आघाडी होती. काँग्रेसचे संग्राम थोपटे २००९, २०१४ आणि २०१९ असे तीन वेळा इथून निवडून आलेले. त्यांच्या आधी त्यांचे वडील अनंतराव थोपटे वर्षानुवर्षं भोरचे आमदार. पुढे उमेदवाऱ्या जाहीर झाल्या तर महायुतीतलेच दोन बंडखोर अपक्ष म्हणून उभे. म्हणजे मतं फुटणार तीही समोरच्यांची! फाईलमध्ये ह्या ओळीपुढे मी लिहिलेला शेरा अजून तसाच आहे : 'सेफ. वेळ घालवू नये.'

२३ नोव्हेंबर २०२४. महायुती २३०, आघाडी ४६. नऊ मिसळी, तीन एक्स्ट्रा पाव आणि सहा ताक. असो.

भोरमध्ये राष्ट्रवादीचे (अजित पवार गट) शंकर मांडेकर जवळजवळ वीस हजार मतांनी निवडून आले. पण धक्का नुसता भोरचा नव्हता. बारामती लोकसभेत येणाऱ्या सहा विधानसभा घ्या : दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर, खडकवासला. मे महिन्यात ह्या सहापैकी पाच ठिकाणी सुप्रिया सुळे पुढे होत्या, फक्त खडकवासल्यात मागे. साडेसहा महिन्यांनी विधानसभेला हे सहाच्या सहा मतदारसंघ महायुतीकडे गेले. खुद्द बारामती विधानसभेत मे मध्ये सुळेंना ४८ हजारांची आघाडी होती. नोव्हेंबरमध्ये तिथूनच अजित पवार एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. मतदार तेच, गावं तीच, जवळजवळ बूथही तेच. बदललं होतं फक्त कॅलेंडरचं पान.

आता माझ्या मित्राची फाईल बघा. तो साडेसहा महिने नाही, वर्षानुवर्षं पुढचं सांगतोय.

मिसळीचं बिल भरल्यावर मी महिनाभर फाईलमधल्या चुका शोधत होतो. बग शोधतो तशा. गंमत म्हणजे एकही फॉर्म्युला चुकलेला नव्हता. आकडे बरोबर होते, बेरीज बरोबर होती. चूक होती ती मी जे धरून चाललो होतो त्यात.

पहिली गोष्ट, मी असं धरलं होतं की मतदाराला दोन्ही वेळी एकच प्रश्न विचारला जातो. तसं नसतं. मे मध्ये बारामतीत प्रश्न होता 'ताई की वहिनी', म्हणजे सुप्रिया सुळे की सुनेत्रा पवार. नोव्हेंबरमध्ये प्रश्न होता 'आपल्याला दादा आमदार म्हणून हवेत का'. एकाच माणसाने दोन प्रश्नांना दोन उत्तरं दिली तर तो फिरला असं कसं म्हणायचं? त्याने प्रश्न नीट वाचला, मी वाचला नाही.

दुसरी गोष्ट, जे अजून घडलंच नव्हतं त्याला माझ्या फाईलमध्ये रकाना नव्हता आणि असूही शकत नव्हता. माझी फाईल सेव्ह झाल्याला तीन आठवडे व्हायच्या आत, २८ जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षांच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांना महिना दीड हजार. ऑगस्टमध्ये खात्यात पैसे जमाही झाले. निकाल निव्वळ त्यामुळे लागला असं मी म्हणत नाही, ते सिद्ध करणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण दोन कोटींहून जास्त बायकांपर्यंत पोचलेली गोष्ट ज्या मॉडेलमध्ये नाही, ते मॉडेल कसलं?

तिसरी गोष्ट, मी असं धरलं होतं की मे मध्ये मत देणारे लोक आणि नोव्हेंबरमध्ये मत देणारे लोक एकच. लोकसभेला राज्यात ६१ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं होतं, विधानसभेला ६६ टक्के. शिवाय मधल्या काळात यादीतली नावंही वाढली. (ह्या वाढीवर विरोधकांनी आक्षेप घेतले, निवडणूक आयोगाने ते फेटाळले. तो वाद वेगळा.) सगळं धरून साठ लाखांहून जास्त मतं अधिक पडली. ही माणसं माझ्या जूनच्या फाईलमध्ये कुठेच नव्हती.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात लाजिरवाणी, कारण ती मला आधीच कुणीतरी सांगितली होती. आमच्या सोसायटीत दूध घालायला गावातले एक काका येतात. त्यांच्या जमिनीवर आता दोन बिल्डिंगा आहेत, पण म्हशी त्यांनी सोडल्या नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका रविवारी मी त्यांना फाईल दाखवायच्या मूडमध्ये होतो. म्हटलं, "काका, भोर तर थोपट्यांचंच ना?" काका म्हणाले, "साहेब, पंधरा वर्सं आमदार भोरचा. औंदा मानूस आपल्या मुळशीचा हाये. लोकं बोलायल्येत." मी हसून मान डोलावली. मनात म्हटलं, सँपल साईज एक!

काका जे बोलले त्याला इतिहास आहे. २००८ च्या पुनर्रचनेआधी मुळशी हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. पुनर्रचनेत तो भोरला जोडला गेला, आणि २००९ पासून आमदार भोर तालुक्यातलाच होत आला. मांडेकर मुळशीचे. ह्या तालुक्यातल्या माणसाला ते पक्षापेक्षा, आघाडीपेक्षा, टीव्हीवरच्या भांडणांपेक्षा मोठं वाटत असेल, हे पुण्याहून रंगवलेल्या नकाशात दिसत नाही. नकाशात मुळशी वेगळी दिसतच नाही. ती 'भोर' ह्या चौकोनात बुडालेली असते.

हे फक्त भोरचं नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं पुढचं रंगवणाऱ्यांची नेहमी अशीच फजिती झाली आहे. मनसेचं घ्या. २००९ च्या विधानसभेत पहिल्याच फटक्यात १३ आमदार. २०१२ मध्ये नाशिकला त्यांचा महापौर. तेव्हा मी शाळेत होतो, पण आमच्याकडे येणाऱ्या काका-मामा मंडळींनी चहाच्या कपाबरोबर मांडलेलं गणित मला आठवतं : १३ चे ४० होणार, ४० चे ८०. प्रत्यक्षात २०१४ ला एक, २०१९ ला एक, २०२४ ला शून्य. दोन बिंदूंतून सरळ रेष काढता येते हे भूमितीत खरं आहे. राजकारणात दुसरा बिंदू आल्यावर लोक रेषेकडे बघतात, तोवर तिसरा बिंदू कागदाच्या बाहेर गेलेला असतो.

कसबा घ्या. पुण्याच्या पेठांमधला भाजपचा जवळजवळ तीन दशकांचा गड. मार्च २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जिंकले आणि लगेच लेख आले की आता पुणं गेलं, आता महाराष्ट्र गेला. २०२४ मध्ये धंगेकर आधी लोकसभेला मुरलीधर मोहोळांकडून हरले (मोहोळ मूळचे आमच्याच मुळशीतले), मग विधानसभेला त्याच कसब्यात हेमंत रासनेंकडून हरले आणि मार्च २०२५ मध्ये शिंदेंच्या शिवसेनेत गेले. इकडे भोरचे थोपटेही एप्रिल २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले. आता माझ्या मित्राने २०२९ साठी भोरची ओळ कुठल्या रंगाने रंगवायची? जुन्या रंगाचा माणूस नव्या रंगात गेला, त्याची मतं त्याच्या मागून गेली, की रंगाजवळच राहिली? हे कुठल्याही एक्सेलला माहीत नाही. मला वाटतं खुद्द त्या मतदारालाही अजून माहीत नसेल.

आणि माझा स्वतःचा जिल्हा, सातारा. एप्रिल २०१९ ला उदयनराजे राष्ट्रवादीकडून जिंकले. सहा महिन्यांत भाजपकडून पोटनिवडणूक लढले आणि श्रीनिवास पाटलांकडून हरले. (पावसातली ती सभा आठवतेय ना? १८ ऑक्टोबर २०१९.) २०२४ ला त्याच भाजपकडून ३२,७७१ मतांनी जिंकले. त्याच निवडणुकीत 'ट्रम्पेट' चिन्हाच्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली, आणि शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. म्हणजे चिन्हांच्या सारखेपणाला पडलेली मतं निकालाच्या फरकापेक्षा जास्त. आता सांगा, २०१९ मध्ये २०२४ चं साताऱ्याचं भाकीत करणाऱ्याने कुठला रकाना ठेवायला हवा होता?

बाहेरच्या देशातही वेगळं नाही. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याच्या ऑफिसात दर चार वर्षांनी आमच्यासारखीच रंगपंचमी चालते. तिथे राष्ट्राध्यक्ष व्हायला ५३८ पैकी २७० मतं लागतात आणि ती राज्यांनुसार मिळतात, म्हणून चार-चार, आठ-आठ वर्षं आधी लोक कुठलं राज्य कुणाचं ते लिहून मोकळे होतात. मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन ही तीन राज्यं १९९२ ते २०१२ अशा सलग सहा निवडणुका डेमोक्रॅटिक पक्षाकडे राहिली. तिला 'निळी भिंत' म्हणायचे. २०१६ ला तिन्ही गेली. २०२० ला तिन्ही परत आली. २०२४ ला तिन्ही पुन्हा गेली. उलट १९६८ ते २००४ सलग रिपब्लिकनांकडे असलेलं व्हर्जिनिया २००८ पासून दर वेळी डेमोक्रॅट उमेदवाराला मत देतंय. भिंत म्हणायचं आणि दर चार वर्षांनी ती आहे का बघायला जायचं!

त्या तिन्ही राज्यांनी एकदम जाणं आणि एकदम परत येणं हे महत्त्वाचं आहे, कारण आम्हा इंजिनियर लोकांची सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. माझा मित्र म्हणतो, "समजा, प्रत्येक जागेबद्दल माझी खात्री ऐंशी टक्के. मग काही इकडे चुकतील, काही तिकडे, शेवटी बेरीज साधारण जुळेल." ऐंशी टक्के धरले तरी २८८ पैकी ५७-५८ जागा चुकणार. त्या दोन्ही बाजूंना सारख्या चुकल्या तर ठीक. पण त्या तशा चुकत नाहीत. चुकतात तेव्हा सगळ्या एकाच दिशेला चुकतात, कारण त्यांच्यामागचं कारण एकच असतं. बारामतीतल्या पाच जागा पाच वेगवेगळ्या कारणांनी फिरल्या नाहीत. वारा फिरतो तेव्हा शेतातलं एकच कणीस वाकत नाही.

शिवाय फरक किती लहान असतो बघा. एखाद्या जागेवर दहा टक्क्यांची आघाडी म्हटलं की आपण 'सेफ' लिहितो. पण शंभरातल्या पाच जणांनी विचार बदलला की ती शून्य होते, कारण प्रत्येक जण इकडून वजा आणि तिकडे अधिक होतो. पाच वर्षांत शंभरातल्या पाच जणांचं मत बदलायला काय लागतं? एक दुष्काळ, एक योजना, पडलेला भाव, न झालेला रस्ता. २०२४ मध्ये मुंबई वायव्य लोकसभेची जागा ४८ मतांनी ठरली. साकोली विधानसभा २०८ मतांनी. ४८ माणसं तर आमच्या एका विंगमध्ये राहतात.

आता कुणी म्हणेल, मग काय, काहीच सांगता येत नाही का? येतं की. बारामती लोकसभा वर्षानुवर्षं एकाच घराकडे आहे, पुढच्या वेळीही तिथे त्याच घराची चर्चा असेल हे सांगायला एक्सेल लागत नाही. बऱ्याच जागा बऱ्याच वेळा आहे तिथेच राहतात हेही खरं. पण हे सांगणं म्हणजे ताम्हिणीत जुलैमध्ये पाऊस पडतो हे सांगणं. त्यावरून २०२९ च्या १४ जुलैला ट्रेकला जावं की नाही ते कळत नाही. माझी तक्रार अंदाजावर नाही. 'साधारण असं, पण एवढं चुकू शकतं' हा अंदाज झाला. 'बाकी फायनल आहे' हा अंदाज नव्हे, तो शिक्का आहे.

आणि ह्या शिक्क्याचा त्रास होतो, हा माझा खरा मुद्दा आहे. असे नकाशे फक्त आपल्यासारखे रिकामटेकडे लोक करत नाहीत. पक्ष करतात, पैसे घेऊन सर्व्हे करणारे करतात. 'सेफ' लिहिलं की त्या जागेसाठी कुणी घाम गाळत नाही. 'अशक्य' लिहिलं की तिथे चांगला उमेदवारच दिला जात नाही. दोन्हीत तिथे राहणाऱ्याचं नुकसान. संध्याकाळी सात वाजता भूगावच्या चौकात अर्धा तास एका जागी उभं राहून बघा. मार्चनंतर आमच्याकडे येणारे टँकर मोजा. ज्याची मतं कुठे जाणार हे आधीच 'फायनल' आहे, त्याच्या टँकरची चिंता कुणी कशाला करेल? मी स्वतः भोरपुढे 'वेळ घालवू नये' लिहिलं होतं. मी पैज लावणारा एक फालतू माणूस, माझ्या शेऱ्याने काही बिघडलं नाही. पण हाच शेरा तिकीट देणाऱ्याच्या फाईलमध्ये असेल तर?

मित्राच्या फाईलची आणखी एक गंमत. त्याने २८८ ओळींचं भविष्य लिहिलंय, पण त्या ओळी तरी तशाच राहणार का? आजच्या हद्दी २००८ च्या पुनर्रचनेतल्या, २००१ च्या जनगणनेवर आखलेल्या. तेव्हा भुकूममध्ये आमच्या सोसायटीच्या जागी भाताची खाचरं होती. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवण्यात आली, आणि २०२३ साली मंजूर झालेल्या घटनादुरुस्तीने महिलांच्या एक तृतीयांश राखीव जागा जनगणना आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेशी जोडल्या. हे सगळं कधी आणि कसं होईल त्यावर मुळशी पुन्हा वेगळी होते, पुण्यात जाते की भोरबरोबरच राहते ते ठरेल. अमेरिकेतही दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर राज्यांची मतं कमी-जास्त होतात. २०२० नंतर कॅलिफोर्नियाची जागा इतिहासात पहिल्यांदा कमी झाली, टेक्सासच्या दोन वाढल्या. म्हणजे पट्टी मोजताना पट्टीच लांब-आखूड होते, आणि आपण दशांश चिन्हापुढचे आकडे लिहीत बसतो.

आता शेवटची गोष्ट. ही लिहू की नको असा विचार दोन दिवस करत होतो.

निकालानंतरच्या आठवड्यात काका दूध घालायला आले तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, तुम्ही बरोबर होतात. माझं गणित चुकलं." काका खूश झाले. मापाने दूध ओतता ओतता म्हणाले, "आन साहेब, तुमचं मत कोनाला गेलं?"

मी म्हटलं, "माझं नाव गावाकडे आहे काका, कराडला."

"मग गावाला गेल्ता का?"

नव्हतो गेलो. २० नोव्हेंबर २०२४ हा बुधवार होता, सुट्टी होती. मी दुपारपर्यंत झोपलो आणि संध्याकाळी एक्झिट पोल बघत बसलो. २८८ जागांवर कोण काय करणार हे ज्याने सहा महिने आधी सांगितलं होतं, त्याने एकाही जागेवर काहीही केलं नव्हतं. काका काही बोलले नाहीत. झाकण लावलं आणि पुढच्या दारावर गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मी आमच्या सोसायटीत विचारून बघितलं. कुणाचं नाव जळगावला, कुणाचं लातूरला, कुणाचं कोथरूडच्या जुन्या भाड्याच्या पत्त्यावर. टीव्हीवर आमच्यासारख्यांना 'शहरालगतचा सुशिक्षित मतदार' म्हणतात आणि आम्ही कसं मत देणार ह्यावर चर्चा करतात. इथे आम्ही मतदारच नाही! आम्ही पाणी इथलं पितो, रस्ता इथला अडवतो, कचरा इथे टाकतो आणि भाकितं सगळ्या महाराष्ट्राची करतो. दूध घालणाऱ्या काकांच्या मतावर आमचा आमदार ठरतो, आणि वर आम्हीच त्यांना 'सँपल साईज एक' म्हणतो.

राहण्याचा पत्ता बदलला तर फॉर्म ८ भरायचा असतो. ऑनलाईन भरता येतो, मला अकरा मिनिटं लागली. एक्सेलला दोन पूर्ण दिवस लागले होते. पुढे बीएलओ बाई घरी येऊन कागद बघून गेल्या. आता माझं नाव भोरच्या यादीत आहे.

मित्राला मी उत्तर पाठवलं : "भोरची ओळ पांढरी ठेव. त्या ओळीत आता एक मत माझं आहे आणि मी अजून ठरवलेलं नाही."

त्याचं लगेच उत्तर आलं : "एका मताने काय होतंय?"

मुंबई वायव्यचा आकडा मी त्याला पाठवून दिलाय.

ता. क. : काकांना परवा सांगितलं, नाव इथे आणलं म्हणून. ते म्हणाले, "बरं केलं. आता टँकरसाठी ग्रामपंचायतीत चला एकदा." रविवारी जाणार आहे. पुढच्या आठवड्यात लेख नाही आला तर तिथेच बसलोय असं समजा.